पन्हळीचा पाईप भिंतीच्या पायाशी सोडला की काय होतं: रत्नागिरीतल्या एका चिऱ्याच्या घराचं प्रकरण

घर रत्नागिरी तालुक्यातलं, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, जोतं अंगणापासून दीड फूट, मागे डोंगर कापून केलेली सपाटी आणि पुढे अंगण संपलं की जमीन उतरत उतरत रस्त्याकडे आणि रस्त्यापलीकडच्या पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, जाते, म्हणजे कोकणात जशी शंभरातली नव्वद घरं असतात तसंच. राहायला काका-काकू दोघंच, मुलगा मुंबईला. मी छोट्या घरांच्या दुरुस्तीची कामं बघतो, त्यामुळे गणपतीच्या आधी काकूंचा फोन आला की "अरे जरा येऊन बघून जा, मखराच्या मागची भिंत परत फुटली, आता पाहुणे यायचे नि रंगाचे पापुद्रे मूर्तीवर पडतायत."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण दर पावसाळ्यात ओलीच्या तक्रारीची जेवढी घरं बघतो त्यातल्या बऱ्याच घरांत मूळ कारण हेच निघतं आणि लोक तोपर्यंत केमिकल, पुट्टी, डॅम्पप्रूफ रंग यावर भरपूर पैसा घालून बसलेले असतात. इथेही तेच झालेलं. मुलाने आधीच्या मे महिन्यात आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलेलं, दोन हात केमिकल, वर पुट्टी, वर महागातला धुता येणारा रंग. पहिला पाऊस जोरात झाला आणि पंधरवड्यात कोपऱ्यातून फुगे यायला लागले. काम करणारा माणूस म्हणाला चिरा पाणी ओढतोच, काही करता येत नाही. चिरा पाणी ओढतो हे खरंच आहे, पण त्याला ओढायला पाणी कोण पुरवतंय हे कुणी बघितलंच नव्हतं.

आत जाऊन बघितलं तर ओल सगळ्या भिंतींना नव्हती, हे पहिलं लक्षात घेण्यासारखं. जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणारी साधी ओल असेल तर ती साधारण सगळीकडे सारख्या उंचीला दिसते. इथे घराचे दोनच कोपरे धरलेले, एक पुढचा उजवा आणि एक मागचा डावा. कोपऱ्यात ओल कंबरेच्या वर आणि तिथून भिंतीच्या कडेकडेने उतरत उतरत सहा-सात फुटांवर संपलेली. मागच्या कोपऱ्यात पांढरा लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारा क्षार) एवढा की बोट फिरवलं तर पीठ हाताला लागतं. त्याच कोपऱ्यातल्या मागच्या दाराची चौकट खालून स्क्रूड्रायव्हरने ठोकली तर पोकळ वाजली, जरा दाबलं तर टोक आत गेलं आणि आतून वाळवीची माती बाहेर आली. ओलसर माती आणि लाकूड एकत्र आले की वाळवीला आणखी काही लागत नाही. लादीवर चाललं तरी कोपऱ्यातल्या दोन लाद्या पोकळ लागत होत्या, म्हणजे खालचा मुरूम बसायला सुरुवात झालेली.

नळाची गळती आहे का हे आधी तपासलं कारण तसं असतं तर पुढचं सगळं व्यर्थ. वरची टाकी भरून, सगळे नळ बंद करून रात्रभर ठेवली, सकाळी पातळी हलली नव्हती. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवला, दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला पाणी धरलेलं, म्हणजे ओल हवेतली नाही, भिंतीतूनच येतेय. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे काकू म्हणाल्या फेब्रुवारी-मार्चला भिंत कोरडीठाक असते. बारमाही गळती असेल तर असं होत नाही.

मग बाहेर गेलो आणि उत्तर समोरच उभं होतं. बरोबर त्याच दोन कोपऱ्यांत पन्हळीचे पाईप खाली उतरलेले आणि जमिनीपासून वीतभर वर संपलेले, खाली नुसती माती. पाऊस चालू होताच, पाण्याची जाड धार जोत्याच्या चिऱ्याला चाटून खाली पडत होती आणि तिथे पायाशी परातीएवढा खड्डा झालेला. त्या खड्ड्यातून पाणी वाहून कुठेच जात नव्हतं, तिथल्या तिथे जिरत होतं. प्लास्टरवर दोन-अडीच फुटांपर्यंत लाल मातीचे शिंतोडे.

काकांना मी विचारलं की पूर्वी असं होतं का. ते म्हणाले, "नाही रे, बाबांच्या वेळी घराला ओल म्हणून नव्हती, कौलं काढून पत्रे घातले तेव्हापासून हे लागलंय मागे." माझ्या मते या वाक्यात अख्ख्या प्रकरणाचं निदान आहे. जुन्या घराला पन्हळ नव्हतीच. मंगलोरी कौलांचं छप्पर चारी बाजूंनी लांब बाहेर आलेलं, त्याखाली पडवी, पागोळ्या पडायच्या त्या मुख्य भिंतीपासून पाच-सहा फुटांवर आणि त्याही पूर्ण लांबीभर विखरून, खाली काळ्या दगडांची ओळ आणि चर. पावसाळ्याच्या तोंडावर झडीसाठी झाप (माडाच्या झावळ्यांचे विणलेले आडोसे) बांधायचे. छपराचं पाणी भिंतीजवळ यायचंच नाही. नंतर पडव्या काढून खोल्या वाढवल्या, पत्रे घातले, वळचण दीड फुटावर आणली आणि पागोळ्यांचं पाणी अंगावर येतं म्हणून पन्हळ लावली. पन्हळीने काय केलं तर चाळीस फूट लांबीभर विखरून पडणारं पाणी गोळा केलं आणि एका कोपऱ्यात आणून ओतलं. म्हणून मी नेहमी सांगतो, पन्हळ लावून पाईप पायाशी सोडण्यापेक्षा पन्हळ न लावलेली बरी. अर्धवट पन्हळ घराचं जेवढं नुकसान करते तेवढं उघडी वळचण करत नाही.

पाणी किती हे आकड्यात बघितल्याशिवाय लोकांना पटत नाही आणि काकांनाही पटत नव्हतं, त्यामुळे ओटीवर बसून हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढंच लक्षात ठेवायचं. छपराचा उतार मोजायचा नाही, वरून बघितल्यावर जेवढी जागा छप्पर झाकतं तेवढीच धरायची. या घराचं छप्पर साधारण १२०० चौरस फूट, म्हणजे १११ चौरस मीटर, दोन पाखी (म्हणजे दोन उतार), मागच्या पाखीला ५५ चौरस मीटर धरा. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही रत्नागिरीला जुलैत काही अपूर्वाईची गोष्ट नाही, तेवढ्या एका दिवसात मागच्या पाखीवरून ५५०० लिटर पाणी. आणि वर्षाचा पाऊस आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर, म्हणजे एका पावसाळ्यात त्या एका मागच्या कोपऱ्यात १ लाख ६५ हजार लिटर, १० हजार लिटरचे सोळा टँकर. काका हिशेब ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "सोळा टँकर आपण स्वतःच्या हाताने भिंतीत ओततोय होय?"

हो, तसंच चाललं होतं. आणि पाया खणताना खड्डा भिंतीपेक्षा रुंद खणतात, बांधकाम झालं की बाजूची फट निघालेल्या मातीने, विटा-चिऱ्याच्या तुकड्यांनी भरून टाकतात. ती भर कितीही वर्षं झाली तरी बाजूच्या मूळ घट्ट जमिनीपेक्षा सैलच राहते, त्यामुळे भिंतीच्या कडेचा दोन-तीन फुटांचा पट्टा म्हणजे पाणी आत घ्यायला तयार असलेली जागा. पाणी त्या भरीत शिरतं, खालच्या घट्ट जमिनीवर अडतं, पायाला टेकून राहतं आणि चिरा ते वर ओढत राहतो. पाणी या पट्ट्याच्या पलीकडे नेऊन सोडलं की निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. पाईप वाढवायचा तो याच कारणासाठी, आणि म्हणून फूट-दीड फुटाचा तुकडा जोडून भागत नाही, सहा फुटांच्या आत मी थांबत नाही आणि जागा असेल तर दहा फूट नेतो, पाईप दहा फुटी मिळतोच.

खात्रीसाठी दोन खड्डे घेतले, पहारीने हातभर खोल, एक पुढच्या पाइपाच्या पायाशी आणि दुसरा तिथून आठ फुटांवर अंगणात. पाऊस थांबल्यावर तासाभराने बघितलं तर भिंतीजवळच्या खड्ड्यात पाणी उभं, आठ फुटांवरच्या खड्ड्यात तळाला नुसता ओलावा. हा प्रयोग कुणीही करू शकतं, पैसा लागत नाही.

अंगणाचा उतारही बघितला. मुलाने हौसेने पेव्हर ब्लॉक घातलेले, दिसायला छान, पण बादलीभर पाणी मध्यावर ओतलं तर पाण्याचा ओघळ निम्मा रस्त्याकडे आणि निम्मा ओटीच्या पायरीकडे गेला. ब्लॉक घालणाऱ्याने कडेची पातळी पायरीला जुळवली आणि मध्ये पोट आणलं. घराच्या कडेने दहा फुटांत किमान सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला हवा, इथे पहिले चार फूट उलटे होते.

आता मजा अशी की भर पावसात खणून कायमचं काम करता येत नाही आणि करूही नये. पण पाऊस चालू असतानाच उपाय खरा की खोटा हे कळतं, ही संधी सोडू नये असं माझं ठाम मत. म्हणून पुढच्या कोपऱ्यात पाइपाच्या तोंडाला ४५ अंशाचा बेंड आणि त्याला एक दहा फुटी पीव्हीसी पाईप नुसता जमिनीवर ठेवून जोडला, सॉल्व्हंट न लावता, खाली चिऱ्याचे तुकडे टेकवून उतार दिला. दिसायला अगदी ओबडधोबड. काकू म्हणाल्या गणपतीत माणसं येणार, पाय अडकेल कुणाचा, म्हणून वर पाट टाकून पायवाट केली. मागच्या कोपऱ्याला मुद्दाम काहीच केलं नाही, दोन कोपरे शेजारी ठेवून तुलना व्हावी म्हणून. आतल्या भिंतीवर पेन्सिलने ओलीची रेघ मारून तारीख घातली, दोन्हीकडे.

अनंत चतुर्दशीनंतर बघितलं तेव्हा मागची ओल रेघेच्या चार बोटं वर गेलेली आणि पुढची रेघेवरच थांबलेली. खाली आली नव्हती, ते अपेक्षितच. पावसाळ्यात आपल्याकडची हवा एवढी दमट की भिंत वाळत नाही, तेव्हा पाईप वाढवला आणि आठ दिवसांत भिंत कोरडी झाली नाही म्हणून उपाय चुकला असं कुणी समजू नये. वर चढायची थांबली एवढं पुरे असतं.

कायमचं काम दिवाळीनंतर काढलं. पुढचा भाग सोपा होता. ४ इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाईप (सांडपाण्याला आणि पावसाच्या पाण्याला वापरतात तो पीव्हीसी), पायाशी झाकणवाला बेंड (साफ करायला उघडता येतो तो, प्लंबर त्याला डोअर बेंड म्हणतात), तिथून पेव्हर ब्लॉकखालून चर काढून अंगणाच्या कडेपर्यंत. उतार साठ फुटाला एक फूट या हिशेबाने दिला, याहून कमी केला तर शंभराला एक हे शेवटचं, त्याच्या खाली गेलं की माती आणि पानं आत बसायला लागतात. जोडाच्या सॉकेटचं तोंड नेहमी पाणी येतं त्या बाजूला. अंगणातून स्कूटर आणि कधीमधी टेम्पो जातो तेवढ्या पट्ट्यात पाइपाभोवती काँक्रीट केलं. हल्ली बाजारात काळा वळ्यावळ्यांचा लवचिक पाईप मिळतो, वळवायला सोपा म्हणून प्लंबरला तोच घालायचा होता, मी नको म्हटलं. त्याच्या वळ्यांत पानं आणि चिखल अडकतो आणि पुरलेल्या जागी तो साफ करता येत नाही. वर दिसणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या कामाला तो ठीक आहे, पुरायला गुळगुळीत आतला पाईपच पाहिजे. उघड्यावर राहणाऱ्या पीव्हीसीला रंग मारून घेतला, उन्हाने तो कडक होऊन तडकतो.

मागचा कोपरा खरा त्रासाचा. तिथे पाईप दहा फूट वाढवून पाणी सोडणार कुठे, मागे तर डोंगर, जमीन वरून खाली घराकडेच येते! सरळ मागे वाढवला असता तर तेच पाणी फिरून परत जोत्याशी आलं असतं. म्हणून तिथे पाईप घराच्या डाव्या कडेने, भिंतीपासून तीन फूट अंतर ठेवून, पुढे वळवून आणावा लागला, पंचेचाळीस फूट लांबी आणि नऊ इंच उतार. ९० अंशाचा एल्बो कुठेही घातला नाही, वळण तिथे दोन ४५ चे बेंड आणि वळणावर साफसफाईचं तोंड.

आणि आणखी एक दोष तिथे सापडला. मागच्या पाखीला खाली उतरणारा पाईप एकच आणि तोही ३ इंची. आपल्याकडे डिझाइनला वापरतात त्या कोष्टकात ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७५ मिलिमीटरचा, म्हणजे हाच ३ इंची, पाईप साधारण २० चौरस मीटर छपराचं पाणी नेतो आणि १०० मिलिमीटरचा साधारण ४३ चौरस मीटरचं. इथे छप्पर ५५ चौरस मीटर. म्हणजे जोराच्या सरीत पन्हळ भरून मागच्या काठावरून भिंतीवर सांडत होती, काकू म्हणाल्याच की जोराच्या पावसात मागच्या खिडकीवर धबधबा लागतो. खाली कितीही लांब पाईप नेला असता तरी वरून सांडणारं पाणी भिंतीतच गेलं असतं. म्हणून पन्हळीला दुसऱ्या टोकाला आणखी एक उतार-पाईप दिला, दोन्ही ४ इंची केले, पन्हळीचा उतार मधून दोन्हीकडे फोडला. नवीन पाईप घराच्या उजव्या कडेने तसाच पुढे आणला. डोंगराकडून येणाऱ्या पाण्यासाठी सपाटीच्या मागच्या कडेला चर होता तो भरून गेलेला, तो उपसून दोन्ही बाजूंना मोकळा केला. हे डोंगराचं पाणी लोक हमखास विसरतात.

पाणी शेवटी सोडायचं कुठे यावर जास्त बोलणं झालं. काकांचं म्हणणं विहिरीत सोडू, उन्हाळ्यात पाणी वाढेल. छपरावर पक्ष्यांची घाण, पानं, शेवाळ, हे सगळं गाळणीशिवाय पिण्याच्या विहिरीत घालणं मला मान्य नव्हतं, करायचं तर पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायची सोय आणि फिल्टर करून रीतसर करा, तो स्वतंत्र खर्च. प्लंबर म्हणाला संडासाच्या शोषखड्ड्यात जोडून टाकू, जवळ आहे. हे तर कधीच करू नका, एका जोरदार सरीत खड्डा भरतो आणि मैला उलटा वर येतो. उजवीकडे शेजाऱ्यांचा गडगा, त्यांच्या वाडीत पाणी सोडणं म्हणजे आपली ओल त्यांना देणं आणि वर कायमचं भांडण. नारळ-सुपारीच्या आळ्यांतही पावसाळाभर एवढं पाणी उभं राहिलेलं चालत नाही. शेवटी अंगणाच्या खालच्या पायरीवर, स्वतःच्याच जागेत, तिन्ही पाइपांची तोंडं उघडली आणि तिथून जुनी वाट होती त्या चराने पाणी पऱ्याकडे काढलं. पाइपाच्या तोंडाखाली काळ्या दगडाचे गोटे भरपूर टाकले, नाहीतर धारेने जमीन उकरली जाते आणि वरच्या पायरीचा बांध एक दिवस खाली येतो. तिथे चिऱ्याचे तुकडे चालत नाहीत, धारेखाली ते झिजतात.

पेव्हर ब्लॉक पहिल्या चार फुटांपुरते काढून, खाली मुरूम घालून ठोकून, उतार बाहेर करून परत बसवले. घराच्या मागे आणि बाजूंना जोत्याला लागून अडीच फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा घातला, बाहेर उतार देऊन, आणि पट्टा आणि जोतं यांच्यातली फट भरून घेतली. ही फट राहिली तर सगळ्या पट्ट्याचा उपयोग शून्य.

भिंतीला मात्र लगेच हात लावू दिला नाही. मुलाला घाई होती, तो म्हणाला, "आता कारण गेलंय ना, मग पुट्टी मारून टाकूया, मी सुट्टीवर आहे." मी म्हटलं ओल्या भिंतीवर काहीही मारलंत तरी ते पडणार. फुगलेलं प्लास्टर विटकरी चिरा दिसेपर्यंत खरवडलं, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला (पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो), आणि डिसेंबर ते एप्रिल भिंत उघडी ठेवली. काकूंना ते आवडलं नाही, हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, पण त्यांनी ऐकलं. मेमध्ये प्लास्टर, त्यावर चुन्याचा हात, भिंतीला श्वास घेता येईल असा. चौकटीचं खालचं कुजलेलं लाकूड कापून तिथे दगडी उंबऱ्याचा तुकडा बसवला आणि वाळवीची फवारणी करून घेतली.

पुढच्या पावसाळ्यात पहिले दोन महिने दोन्ही कोपरे कोरडे राहिले. मग ऑगस्टमध्ये काकांचा फोन, मागची पन्हळ परत सांडतेय. जाऊन बघितलं तर फणसाची पानं, उतार-पाइपाच्या तोंडावर चटईसारखी बसलेली. वर जाळीचा गोल टोप बसवला आणि झाकणवाला बेंड उघडून आतला चिखल काढला, पाणी लगेच वाहायला लागलं. खालच्या तोंडाला जाळी लावा असं कुणी सुचवलं तर लावू नका, आत आलेला कचरा तिथेच अडतो आणि पाणी सगळ्या पाइपात तुंबतं. फणसाची एक फांदी पन्हळीवर येत होती ती तोडली. आता मृगाच्या आधी आणि गणपतीच्या आधी असं दोनदा काका स्वतः गडी लावून पन्हळ आणि बेंड साफ करून घेतात, वरून बादलीभर पाणी ओतून खाली तिन्ही तोंडांतून येतं का बघतात.

खर्चाचं विचाराल तर पाईप, बेंड, काँक्रीट, गवंडी आणि गडी सगळं धरून आधीच्या वॉटरप्रूफिंगला जेवढे गेले त्याहून कमीच झाला, आणि त्यातलाही मोठा वाटा मागच्या कोपऱ्याच्या लांब पाइपाचा आणि काँक्रीटच्या पट्ट्याचा. पुढचा एकटा कोपरा धरला तर खर्च किरकोळ. नवीन घर बांधणाऱ्यांनी हे आराखड्यातच घालून घ्यावं, म्हणजे उतार-पाईप कुठे उतरतो आणि तिथून पाणी कुठे जातं हे दोन्ही कागदावर असावं. मी बघतो त्या बहुतेक नकाशांत पाईप जमिनीपर्यंत काढलेला असतो आणि पुढे काहीच नसतं.

बाथरूमच्या मागच्या भिंतीला थोडी ओल अजून आहे. ती बारमाही आहे, उन्हाळ्यातही जात नाही, नाहाणीच्या लादीच्या सांध्यातून पाणी जातंय असं दिसतंय. पावसाच्या पाइपाशी तिचा संबंध नाही, ते काम दिवाळीनंतर वेगळं धरलंय.